मैदानांची कुलपे उघडा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, तर गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक आढळले. दरडोई उत्पन्नात अग्रभागी असल्याचा अभिमान बाळगणाऱ्या या भूमीला हा पहिला क्रमांक खचितच भूषणावह नाही.

या व्याधीची कारणे अनेक आहेत; शरीराला पुरेशी हालचाल नसणे हे त्यांपैकी एक प्रमुख. प्रौढ माणसाने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार, २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ एवढीही हालचाल करीत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के होते.

असे आकडे पुढे आले की लोकांच्या आळसावर खापर फोडण्याची आपल्याकडे प्रथा आहे. आम्हाला ती मान्य नाही. सायंकाळी मिरामारच्या किनाऱ्यावर फेरफटका मारणाऱ्यांपाशी सवड असते आणि चालण्याजोगी जागाही असते. सत्तरीतील किंवा काणकोणातील एखाद्या वाड्यावरून पहाटेची बस गाठून कारखान्यात जाणाऱ्या आणि दिवेलागणीनंतर परतणाऱ्या मुलीने चालावे कोठे? रस्त्याला पदपथ नाही, दिवा नाही, आणि भरधाव वाहनांना धरबंध नाही. दिवसभर बाजारात पाटी मांडून बसणारी स्त्री थकते खरी, पण त्या थकव्याने तिच्या शरीराला चालना मिळत नाही. पुढे आजार जडला की मजुरी बुडवून रुग्णालयाच्या रांगेत उभे राहावे लागते तेही याच वर्गाला. सवडीची आणि जागेची ही विषमता अखेर आरोग्याची विषमता होते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडास्पर्धा गोव्यात भरल्या. मोठ्या क्रीडासंकुलांचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. परंतु ती मुख्यतः स्पर्धकांसाठी असतात. गावाला हवे असते ते घरापासून पायी जाता येईल असे मोकळे आवार. अशी आवारे गावोगावी आहेत, पण दुपारी शाळा सुटली की त्यांतील अनेकांच्या फाटकाला कुलूप लागते. दिव्याचे बील कोणी भरायचे, कोणास इजा झाली तर जबाबदारी कोणाची, या दोन प्रश्नांपाशी सारे अडते.

यावर उपाय आहे तो स्थानिक सहकार्याचा. शाळेपाशी मैदान आहे, आरोग्य केंद्रापाशी ज्ञान आहे, पंचायतीपाशी अधिकार व निधी आहे, आणि महिला मंडळे, क्रीडा मंडळे व देवस्थान समित्या यांच्यापाशी लोकांचा विश्वास आहे. एकेकट्याने यांपैकी कोणीही हे कार्य तडीस नेऊ शकणार नाही. त्यांनी लेखी करार करून वेळ, खर्च आणि जबाबदारी वाटून घ्यावी. इंग्लंडमध्ये २०१७ साली तेथील क्रीडासंस्थेने १२ ठिकाणे निवडून असाच प्रयोग हाती घेतला. लोक का हालत नाहीत, हे आधी त्यांनाच विचारावे आणि मग स्थानिक संस्थांनी मिळून अडचणी दूर कराव्यात, हे त्यामागील सूत्र अनुकरणीय आहे.

आपल्याला तर आरंभ करण्यासाठी परदेशाकडे पाहण्याचीही गरज नाही. पौषातील रात्री घरकाम आटोपून मांडावर धालो खेळणारी आणि चतुर्थीत फुगडीचा फेर धरणारी गोमंतकीय स्त्री सामूहिक व्यायाम जाणते. मात्र त्यासाठी तिला हक्काची जागा आणि समाजमान्य वेळ मिळते ती वर्षातील थोडेच दिवस. तीच मान्यता आठवड्यातून चार संध्याकाळी मिळाली, मुलांना सांभाळण्याची सोय झाली आणि वेळ ठरविण्याचा अधिकार तिलाच दिला, तर व्यायामाचा प्रचार करणारे फलक लावण्याची आवश्यकता उरणार नाही.

एक गोष्ट येथे स्पष्टपणे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. देवस्थानाचे प्रांगण या कामी उघडायचे तर ते साऱ्या वाड्यांना सारखेच उघडले पाहिजे. महाजनांच्या घरांपुरते ते खुले राहिले, तर जी विषमता मिटवायची तिचेच पोषण होईल. म्हणून अशा उपक्रमाचे यश किती लोक जमले यावरून मोजू नये. पूर्वी जे कधीच येऊ शकत नव्हते त्यांच्यापैकी किती आले, यावरून मोजावे.

प्रत्येक पंचायतीने येत्या ग्रामसभेत एक तरी मैदान, त्याचा दिवा आणि त्याची किल्ली सांभाळणारी समिती निश्चित करावी, अशी आमची सूचना आहे. मधुमेहावरील औषधांचा आणि उपचारांचा खर्च सरकारला व कुटुंबांना वर्षानुवर्षे करावा लागतो. त्याच्या तुलनेत एक कुलूप उघडण्याचा खर्च तो कितीसा?