नऊ रंग आणि एक ट्रंक

नटणे हे पाप आहे असे मानणाऱ्यांपैकी मी नाही, हे आधीच सांगून टाकते; नाही तर पुढचे वाचून कोणी माझ्या हाती टकळी द्यावयाचा. काठापदराचे पातळ चापूनचोपून नेसून वर्गावर गेले की मुलींचे डोळे कसे लकाकतात, हे मला ठाऊक आहे. माझे भांडण आहे ते नटण्याच्या नावाखाली चालणाऱ्या खरेदीशी.

नवरात्रातले नऊ रंगच घ्या. हा काही कुळाचार नव्हे. या शतकाच्या पहिल्या दशकात एका मराठी वृत्तपत्राने तो रूढ केला आणि बघता बघता कचेऱ्या, शाळा, आगगाडीचे डबे एकेका रंगात न्हाऊ लागले. खेळ म्हणून तो मला मनापासून आवडतो. सकाळच्या लोकलमध्ये कोळणीपासून बँकेतल्या बाईपर्यंत साऱ्या जणी पिवळ्या, यातली गंमत ज्याला कळत नाही तो करंटाच! पण या खेळात करावयाचे काय? घरात पिवळे काय आहे ते हुडकावयाचे. आईच्या ट्रंकेतले पातळ, बहिणीचे झंपर, काहीच नसले तर शेवंतीची वेणी. हुडकण्यातच सारी मौज. आता दुकानदार भाद्रपदातच रंगांची यादी टांगतो आणि नऊ साड्या एकदम गळ्यात मारतो. म्हणजे खेळावयाचे त्याने आणि पैसे मोजावयाचे आम्ही!

आमच्या शाळेत त्या दिवसांत गणवेशाला सुट्टी असते. गेल्या खेपेस राखाडी रंगाच्या दिवशी माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी आलीच नाही. दुसऱ्या दिवशी विचारले तर म्हणाली, "बाई, घरात राखाडी काहीच नव्हतं." ज्या खेळापायी पोर घरी बसते, तो खेळ कसला?

"पण हल्ली कपडा किती स्वस्त झालाय!" असे म्हणतात. स्वस्त कोणाला? ढाक्याजवळच्या सावर येथे राणा प्लाझा नावाची इमारत होती. तीत परदेशी दुकानांसाठी कपडे शिवले जात. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशी दिसले होते, तरी कामगारांना कामावर बोलावले. २४ एप्रिल २०१३ रोजी इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत बायकाच फार. आणि तो कपडा तरी कसला? बहुतेक खनिज तेलापासून केलेल्या धाग्याचा. घाम टिपत नाही, मातीत कुजत नाही, बाळाच्या दुपट्यालाही चालत नाही.

आमच्या आज्यांचे लुगडे विरले की त्याला दंड घालीत. पुढे त्याचा परकर होई, मग दुपटे, मग गोधडी आणि अखेर पोतेरे. त्यात दैन्य होते, हे मी लपवीत नाही. आवड म्हणून कोणी दंड घातलेले नेसत नसे. पण त्याच हातांनी शिवलेली गोधडी उलगडून पाहा. लालाशेजारी हिरवे, खणाच्या तुकड्याशेजारी धोतराचा पांढरा, आणि कडेने आत आत वळत गेलेला धावदोरा. पोटाला चिमटा बसला तरी त्या बायकांची हौस काही मेली नव्हती.

आता हीच ठिगळे जोडलेली जाकिटे शहरातल्या काचेच्या दुकानांत हजारो रुपयांना टांगलेली दिसतात, 'पृथ्वी वाचवा' अशी चिठ्ठी लावून. गरिबाच्या अंगावर ठिगळ आणि श्रीमंताच्या अंगावर कला! पृथ्वीची एवढी काळजी असेल तर गल्लीतल्या शिंप्याकडे जावे. जुन्या पातळाचा कुडता तो दोन दिवसांत शिवून देतो आणि उरलेल्या काठाची पिशवीही.

कोणी म्हणेल, सगळ्यांनी जुनेच नेसले तर विणकराने काय खावे? विणकराचा कळवळा यावा तो नेमका घाऊक साड्या घेणाऱ्यांना! येवल्याचा कारागीर एका पैठणीपुढे कित्येक आठवडे मागावर बसतो, आणि बाजारात तिचेच मोर छापलेली नकली साडी दोन जेवणांच्या पैशांत मिळते. त्याच्या पोटावर पाय आला तो तिच्यामुळे. दंड घालणाऱ्या बाईने आयुष्यात एखादेच इरकल घेतले असेल. पण ते हातमागाचे होते, आणि त्याच्या काठाचे पोलके तिच्या नातीने घातले.