यंत्राला जात नाही, यंत्रशाळेला आहे



धम्मदीक्षेनंतर आपल्या घराघरांत एक इष्ट पालट झाला आहे. देव्हाऱ्याच्या जागी पुस्तकांची फळी आली आणि मुलाबाळांनी पिढीजात कामाची वाट सोडून शाळेची वाट धरली. आज त्याच घरातील आईबापांची मोठी आशा संगणकावर आहे. मुलगा वा मुलगी संगणकाचे शिक्षण घेईल, पुण्याच्या हिंजवडीत किंवा साता समुद्रापलीकडे एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत लागेल आणि गावाने कपाळी मारलेला शिक्का कायमचा पुसला जाईल, अशी ही आशा आहे. ती सर्वस्वी रास्त आहे. तथापि तिच्या पोटात एक समज दडून बसला आहे. संगणक हे नवे यंत्र; यंत्राला जात कळत नाही; म्हणून यंत्राच्या धंद्यातही जात असणार नाही, असा तो समज होय.

परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून वा मोठ्या माणसाने सांगितले म्हणून कोणतीही गोष्ट मानू नये, हा उपदेश भगवान बुद्धांनी कालाम लोकांना केला. तो जुन्या समजुतींना जितका लागू आहे तितकाच नव्या समजुतींनाही लागू आहे. तेव्हा हा समजही अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहिला पाहिजे.

पहिला अनुभव आपल्याच वाडवडिलांचा आहे. मुंबईच्या कापडगिरण्या हे त्या काळचे नवे यंत्रयुग होते. त्या गिरण्यांत आपल्या माणसांना काम मिळाले, परंतु विणकाम खात्याचे दार त्यांना बंद राहिले. त्या खात्यात मजुरी अधिक मिळे. दार बंद असण्याचे कारण काय? धोट्यातील कांडीवरचे सूत संपले की नवी कांडी घालावी लागे आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा स्पर्श झालेला धोटा आपल्या तोंडाला लागेल, ही स्पृश्य कामगाराची भीती होती. साचा विलायतेहून आलेला होता, वाफेवर चालत होता, त्याला महार, मराठा वा ब्राह्मण काहीच ठाऊक नव्हते. परंतु साच्यापाशी कोणी उभे राहावे, हे मात्र जातच ठरवीत होती. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. विणकाम खाते आमच्या लोकांना खुले करा, ही मागणी तुमच्या मागण्यांत घाला, असा आग्रह त्यांनी धरला. आणि पुढाऱ्यांनी ती नाखुशीनेच मान्य केली. यंत्र नवे आले म्हणून माणसाचे मन आपोआप नवे होत नाही, हा या इतिहासाचा धडा आहे.

आता आजच्या यंत्रशाळेकडे वळू. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅन होजे या शहरी सिस्को नावाच्या प्रचंड संगणक-जाळे कंपनीचे मुख्य ठाणे आहे. ३० जून २०२० रोजी त्या राज्याच्या नागरी हक्क पाहणाऱ्या सरकारी खात्याने या कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. एका दलित इंजिनिअरला भारतातूनच गेलेल्या वरिष्ठांनी जातीवरून वेगळी वागणूक दिली, त्याची जात आणि आय.आय.टी.मध्ये त्याला राखीव जागेवर मिळालेला प्रवेश सहकाऱ्यांत उघड केला आणि त्याने तक्रार केल्यावर त्याच्या कामावर व बढतीवर त्याचा सूड उगवला, असा त्या दाव्याचा आशय होता. कंपनीने हे आरोप नाकारले आहेत, आणि दोघा वरिष्ठ अधिकाऱ्यांवरील दावा सरकारी खात्याने एप्रिल २०२३ मध्ये स्वतःच मागे घेतला. तेव्हा त्या दोघांना अपराधी ठरविण्याचा अधिकार आपल्याला नाही. न्यायाची मागणी करणाऱ्याने न्यायाची मर्यादा प्रथम पाळली पाहिजे.

परंतु त्या दाव्यातील एक गोष्ट आपल्या प्रत्येक घराने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. इंजिनिअरने कंपनीतील तक्रारी पाहणाऱ्यांकडे दाद मागितली, तेव्हा जातीवरून भेद करणे हे बेकायदेशीर नाही, असे उत्तर त्याला मिळाले, असे त्या दाव्यात म्हटले आहे. वंश, वर्ण, धर्म, लिंग हे सारे शब्द नियमांच्या पुस्तकात होते. ज्या एका शब्दाने आपले सारे आयुष्य वेढले होते, तो शब्द मात्र तेथे नव्हता. ज्या दुःखाला कायद्यात नाव नाही, त्या दुःखाची तक्रार लिहून घ्यायला कोणत्याही कचेरीत वही नसते.

हा एकाच माणसाचा प्रश्न म्हणून सोडून देता येत नाही. अमेरिकेत कुशल परदेशी नोकरांना दिल्या जाणाऱ्या एच-वन-बी परवान्यांपैकी गेल्या काही वर्षांत सुमारे सत्तर टक्के परवाने भारतात जन्मलेल्यांच्या वाट्याला आले आहेत, आणि त्यांतील फार मोठा भाग संगणकाच्या धंद्यात आहे. इतकी माणसे येथून तेथे गेली, तेव्हा त्यांच्या सामानाबरोबर जातही गेली, यात नवल ते काय? तेथे मुलाखत घेणारा आपला, वरिष्ठ आपला, पंक्तीला बसणाराही आपलाच. आडनाव काय, गाव कोणते, घरी मांस शिजते काय, प्रवेश परीक्षेत कितवा क्रमांक आला, असे साधे वाटणारे प्रश्न विचारून जात हुडकता येते. शिवाय परवाना मालकाच्या नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी गेली की थोड्याच दिवसांत दुसरा मालक शोधावा लागतो, नाहीतर देश सोडावा लागतो. ज्याच्या मुलाबाळांचे बिऱ्हाड अशा धाग्याला लोंबकळत आहे, तो तक्रार करण्यापूर्वी शंभर वेळा विचार करील. त्याचे मौन हा जात नसल्याचा पुरावा कसा मानावा?

मौन मोडू पाहणाऱ्यांची गत काय होते, तेही पाहू. २०२२ साली एप्रिल महिन्यात गुगल कंपनीत दलित इतिहासाच्या निमित्ताने थेनमोळी सौंदरराजन या कार्यकर्तीचे व्याख्यान ठरले होते. कंपनीतील काही नोकरांनी विरोध केला आणि ते व्याख्यान रद्द झाले. ते ठरविणाऱ्या वरिष्ठ व्यवस्थापिका तनुजा गुप्ता यांनी पुढे राजीनामा दिला. साऱ्या जगाचे ज्ञान क्षणात हुडकून देणाऱ्या कंपनीला जातीविषयीचे एक व्याख्यान जड गेले!

तथापि अंधार सर्वत्र नाही. ॲपल कंपनीने आपल्या नोकरांच्या आचारनियमांत जातीचा स्पष्ट उल्लेख केला. कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या २३ महाविद्यालयीन केंद्रांसाठी तोच मार्ग धरला. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल नगराच्या परिषदेने जातिभेदाला बंदी करणारा कायदा केला. असा कायदा करणारे ते अमेरिकेतील पहिले नगर होय. तो ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या असून आपण ब्राह्मण कुटुंबात वाढलो, असे त्या स्वतःच सांगतात. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात आयेशा वहाब यांनी मांडलेले विधेयक विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. परंतु ७ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी ते परत पाठविले. चालू कायद्यातील शब्दांत जातीचा समावेश होतोच, सबब नवा कायदा अनावश्यक आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

या विरोधातील दोन आक्षेपांना उत्तर देणे अवश्य आहे. जुन्या शब्दांत जात येतेच, हा पहिला आक्षेप. ती येत असेल तर तो शब्द लिहिण्यात नुकसान कोणाचे? सिस्कोच्या दाव्यात सांगितलेले उत्तर खरे असेल, तर पंडितांना दिसणारा तो समावेश तक्रार घेणाऱ्या कारकुनाला दिसत नाही. आपल्या घटनाकारांनी समतेचे कलम लिहून समाधान मानले नाही. त्यांनी पंधराव्या कलमात जात हा शब्द घातला आणि सतराव्या कलमात अस्पृश्यतेला नावाने हद्दपार केले. रोगाचे नाव घेतल्यावाचून औषध देता येत नाही. दुसरा आक्षेप असा की, अशा कायद्याने एका सबंध समाजाची बदनामी होते. परंतु चोरीविरुद्धच्या कायद्याने सावाची बदनामी होत नाही. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, तेव्हाच त्यांनी स्पष्ट केले होते की, ब्राह्मणशाही म्हणजे स्वातंत्र्य, समता व बंधुता यांचा नकार, आणि ती कोणत्याही एका जातीपुरती मर्यादित नाही. आपला लढा त्या नकाराशी आहे.

परदेशात निदान वाद तरी सुरू झाला. आपल्या देशात काय आहे? १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि बौद्धांना अनुसूचित जातींच्या घटनात्मक सवलती मिळाल्या. परंतु नोकरीतील राखीव जागा सरकारी सेवेत आहेत. संगणकाचा धंदा जवळजवळ सारा खासगी आहे. तेथे आपला मुलगा नुसत्या गुणवत्तेवर उभा राहतो, असे म्हणतात. त्या गुणवत्तेची कथा अशी आहे. सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल या दोघा अभ्यासकांनी वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठविले; फरक नावांत होता. २००७ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय हिंदू नावाला बोलावणे येण्याची शक्यता एक धरली, तर दलित नावाला ती सुमारे दोन-तृतीयांश होती आणि मुसलमान नावाला केवळ एक-तृतीयांश. अर्ज उघडून नाव वाचताक्षणीच गुणवत्तेचा तराजू एका बाजूला झुकला होता. आणि असा तराजू हाती धरणाऱ्या खासगी मालकाला जाब विचारील, असा सर्वंकष कायदा आपल्या देशात अद्याप झालेला नाही.

यावर कोणी म्हणेल, माणूस पक्षपाती असेल. निवडीचे काम यंत्राकडेच द्या. तोही प्रयोग झाला आहे. ॲमेझॉन कंपनीने २०१४ पासून नोकरीचे अर्ज पारखणारे यंत्र बनवायला घेतले. मागील दहा वर्षांचे अर्ज त्याला शिकवणीसाठी दिले. ते बहुतांश पुरुषांचे होते. यंत्राने त्यातून काय शिकावे? स्त्रियांच्या संस्थेचा उल्लेख असलेला अर्ज खालच्या प्रतीचा मानावा, हे! कंपनीला तो उद्योग सोडून द्यावा लागला आणि २०१८ साली ही हकीकत जगापुढे आली. यंत्राला अक्कल नसते, आठवण असते, आणि ती आठवण माणसाने दिलेली असते. ज्या समाजाची आठवण मनुस्मृतीपासून सुरू होते, त्याच्या कागदपत्रांवर शिकलेले यंत्र आपल्या आडनावाकडे, आपल्या गावाकडे, आपल्या वस्तीच्या पत्त्याकडे कोणत्या नजरेने पाहील, याचा विचार आज करावयास हवा. आज बँकेचे कर्ज, नोकरी व शाळेचा प्रवेश यांच्या निर्णयात अशी यंत्रे शिरत आहेत. पूर्वी भटजी पोथी उघडून सांगे आणि आपण मान खाली घालीत असू. आता यंत्र सांगते म्हणून मान खाली घालावयाची असेल, तर धम्मदीक्षेने आपण काय मिळविले?

मग संगणकाकडे पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. विणकाम खाते बंद होते म्हणून बाबासाहेबांनी गिरणी सोडा असे सांगितले नाही. दार उघडा असे सांगितले. आपणही तेच म्हणावयाचे आहे, आणि त्यासाठी घरापासून काही गोष्टी कराव्या लागतील.

पहिली गोष्ट शिक्षणाची. एम.एस.सी.आय.टी.चे प्रमाणपत्र मिळाले की संगणक आला, असे मानून आईबापांनी थांबू नये. त्या शिक्षणाने यंत्र वापरता येते. परंतु यंत्राला आज्ञा लिहिणारी खोली हे आजचे विणकाम खाते आहे, आणि तिचे दार गणिताने उघडते. मुलीला गणित जमत नाही, असे घरातच ठरवून टाकू नका. नवबौद्ध विद्यार्थ्यांना परदेशातील उच्च शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची सरकारी शिष्यवृत्ती आहे. तिची माहिती प्रत्येक विहारात लावली गेली पाहिजे.

दुसरी गोष्ट नावाची. परमुलखात किंवा पुण्यामुंबईस नोकरीला गेलेली आपली काही मुले आडनाव बदलतात, भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र लावीत नाहीत, वंदना दार लावून म्हणतात. त्यांना भ्याड म्हणण्याचा अधिकार सुरक्षित जागी बसलेल्यांना नाही. परंतु लपण्याने जात मरत नाही. लपणारा मात्र रोज थोडा थोडा मरतो. त्यांना दोष देण्यापेक्षा त्यांच्या पाठीशी उभी राहील अशी संघटना त्यांच्या शहरात उभारणे, हे आपले काम आहे.

तिसरी गोष्ट मागणीची. खासगी कंपन्यांतील जातिभेदाला नाव घेऊन बंदी करणारा कायदा व्हावा. प्रत्येक कंपनीच्या नियमांत जात हा शब्द असावा. आणि माणसांची निवड करणारी यंत्रे त्रयस्थाकडून तपासली जावीत. या तीन मागण्या प्रत्येक उमेदवारापुढे ठेवावयास आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.

वासेट्ठ सुत्तात भगवंतांनी दोन तरुणांना समजाविले की, गवतात, किड्यांत, पक्ष्यांत जातींची भिन्न चिन्हे आहेत. माणसामाणसांत तशी चिन्हे नाहीत. माणूस शेतकरी होतो तो कर्माने आणि कारागीर होतो तोही कर्माने. यंत्राला हे शिकविणारे हात अजून थोडे आहेत. ते हात आपल्या मुलामुलींचे असावेत, यासाठी आजपासून झटू या.

जयभीम!