डॉक्टरांकडून चिठ्ठी मागून घ्या

वस्तीत कुणाला ताप आला की आधी सुई. डॉक्टर सुई टोचतात, सुट्या गोळ्या कागदात बांधून देतात, आपण पैसे देऊन कामाला लागतो. औषध कोणते, हे आपण विचारत नाही आणि कुठे लिहिलेलेही नसते.

जुलै 1992 मध्ये मुंबईत एका नोकरदाराला असाच ताप आला. त्यांचे डॉक्टर होमिओपॅथीचे. औषधे मात्र दिली ॲलोपॅथीची. आधी विषाणूचा ताप म्हणून, मग तपासणी न करताच टायफॉइड म्हणून. काही दिवसांतच रुग्ण दगावला. पत्नी पूनम वर्मा यांची तक्रार राष्ट्रीय ग्राहक आयोगाने फेटाळली. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 10 मे 1996 रोजी जिंकल्या. जी पॅथी शिकलेली नाही तिची औषधे देणे हाच निष्काळजीपणा, असे न्यायालयाने म्हटले. 3 लाख रुपये भरपाई मिळाली, आणि डॉक्टरवरील कारवाईचा विचार करण्यासाठी निकाल वैद्यकीय परिषदेकडे पाठवला गेला. परवाना निलंबित करणे हे परिषदेचे काम. न्यायालय भरपाई देते, शिक्षा देते. दवाखान्याची पाटी उतरवायची तर तक्रार परिषदेकडेच करावी लागते.

2014 मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलला. एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना ॲलोपॅथीची औषधे देण्याची वाट मोकळी झाली. इंडियन मेडिकल असोसिएशनने त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिले. खेड्यात डॉक्टर नाहीत, असे कारण सरकार सांगते. ते खोटे नाही. रात्री-अपरात्री दार उघडतो तो बहुधा हाच डॉक्टर, आणि त्याचे उपकार आम्ही विसरत नाही. पण पूर्ण शिकलेला डॉक्टर शहराला आणि वर्षभर शिकलेला पिंपळनेरच्या वस्तीला, ही वाटणी आम्हाला मान्य नाही. सरकारी दवाखान्यातल्या रिकाम्या जागा भरा, हीच आमची मागणी.

तोवर एक करता येते. 2002 च्या नियमांनुसार ॲलोपॅथीच्या डॉक्टरने दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवर नोंदणी क्रमांक दिलाच पाहिजे. भरती झालेल्या रुग्णाने कागदपत्रे मागितली तर ती 72 तासांत द्यावी लागतात. चिठ्ठी मागताना लाजू नका. डॉक्टर चिडले तरी मागा. धुळ्याच्या ग्राहक आयोगात उद्या जायची वेळ आली, तर तोंडी सांगितलेले टिकत नाही. मेडिकलची पावतीही चिठ्ठीला टाचून ठेवा. गोळीचे नाव तिच्यावर छापलेले असते.