दात मोजावेत की औताला जुंपून पाहावे?

दरवर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात तीनशेहून अधिक तरुण जमतात. वय एकवीस-बावीस, नुकतेच महाविद्यालयाबाहेर पडलेले. तेथे त्यांची उंची, वजन, हाताची लांबी, पंजाची रुंदी मोजली जाते. मग प्रत्येकजण चाळीस यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, जीव तोडून धावतो आणि घड्याळ सेकंदाचा शंभरावा भाग टिपते. बाकावर उताणे पडून १०२ किलोंचा भार कोण किती वेळा उचलतो, त्याचीही नोंद होते. कागद-पेन्सिल घेऊन हे सारे न्याहाळत असतात ते अमेरिकन फुटबॉलच्या ३२ व्यावसायिक संघांचे पारखी. एप्रिलमध्ये ‘ड्राफ्ट’ असतो. आयपीएलच्या लिलावासारखी तेथे बोली लागत नाही. आदल्या हंगामात जो संघ तळाला राहिला, त्याला सर्वांत आधी खेळाडू निवडता येतो, आणि अशा सात फेऱ्या होतात.

हा फुटबॉल आपला नव्हे. चेंडू लंबगोल, तो हाताने फेकायचा, आणि एकमेकांवर धडकणे हा खेळाचाच भाग. न्यू जर्सीत किंवा टेक्सासात लेकीकडे राहून आलेल्या आजी-आजोबांनी थंडीतल्या एखाद्या रविवारी जावयाबरोबर तो टीव्हीवर पाहिला असेल आणि ‘ही काय झोंबाझोंबी’ म्हणून सोडूनही दिला असेल. पण या झोंबाझोंबीत बचाव करणारे अकरा खेळाडू नीट पाहावेत. समोरच्या संघाला आपण पुढच्या क्षणी काय करणार, हे ठाऊक असते. बचाव करणाऱ्याला ते ओळखायचे असते. कबड्डीत चढाईपटूचा पाय कुठे पडणार, हे कोपरारक्षक त्याच्या खांद्यावरून ताडतो, तसेच. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला तो फेकण्याआधीच लोळवले, की त्याला ‘सॅक’ म्हणतात. बचावपटूची ती मोठी कमाई.

आता हे ताडणे कोणत्या घड्याळात मोजायचे? माझा आक्षेप नेमका येथे आहे. मोकळ्या मैदानावर, समोर कोणी नसताना धावणाऱ्या मुलाची गती कळते. तो कोणत्या दिशेला धावायचे हे किती लवकर ठरवतो, ते कळत नाही. आणि बचावाचा सारा खेळ या ठरवण्यातच आहे. जाणता शेतकरी बाजारात बैलाचे दात मोजतो खरा, पण सौदा करण्याआधी त्याला औताला जुंपून पाहतो. (माणसांसाठी ही उपमा बरी नव्हे, पण इंडियानापोलिसची दृश्ये पाहिल्यावर दुसरी सुचत नाही.)

१९९५ची गोष्ट तेथील जुने शौकीन अजून सांगतात. बॉस्टन कॉलेजच्या माइक मामुलाने या चाचण्यांचीच वेगळी तालीम केली, जणू अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून परीक्षेला बसावे. आकडे असे काही निघाले, की पारखी थक्क झाले. फिलाडेल्फियाच्या संघाने आपला बारावा क्रमांक आणि दुसऱ्या फेरीतील दोन निवडी टँपा बेला देऊन त्यांचा सातवा क्रमांक घेतला आणि मामुलाला निवडले. मामुला वाईट निघाला असे नाही. पाच हंगाम खेळला, साडेएकतीस सॅक त्याच्या नावावर लागले. पण टँपा बेने बाराव्या क्रमांकावर काय उचलले? नाना वावड्यांमुळे मागे पडलेला वॉरन सॅप! शिवाय हाती आलेल्या निवडींची उलाढाल करून त्याच दिवशी त्यांनी डेरिक ब्रूक्सलाही मिळवले. २००३च्या जानेवारीत या दोघांच्या टँपा बेने फिलाडेल्फियाला त्यांच्याच मैदानावर हरवले आणि पुढे सुपर बोलही जिंकला. दोघेही आज या खेळाच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये आहेत.

इतके होऊनही आकड्यांची भुरळ सुटली नाही. २००८मध्ये व्हर्नन गोल्स्टनने तो भार ३७ वेळा उचलला. न्यूयॉर्क जेट्सने त्याला सहाव्या क्रमांकावर घेतले. तीन हंगाम, ४५ सामने, सॅक एकही नाही. उलट टेरेल सग्जने २००२मध्ये महाविद्यालयाच्या एकाच हंगामात २४ सॅकचा विक्रम केला होता. पण धावेची वेळ मंद निघताच काहींचे मन डळमळले. बाल्टिमोरने त्याला दहाव्या क्रमांकावर घेतले आणि कारकिर्दीत त्याने १३९ सॅक केले. ज्याने काम करून दाखवले आहे, त्याला धावून दाखव म्हणण्यात काय शहाणपण?

मोजमाप अगदीच टाकाऊ, असे मात्र मी म्हणणार नाही. २०१८मध्ये शकीम ग्रिफिन ४.३८ सेकंदांत धावला. लहानपणीच त्याचा डावा हात मनगटापासून गेलेला होता. कृत्रिम हात लावून त्याने तो भार २० वेळा उचलला. ज्याच्याकडे एरवी दयेने पाहिले गेले असते, त्याच्याकडे त्या आकड्यांमुळे खेळाडू म्हणून पाहावे लागले, आणि सिअॅटलने त्याला पाचव्या फेरीत निवडले.

पण या पारख्यांचा आत्मविश्वास पाहून नवल वाटते. केड मॅसी आणि पुढे २०१७मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर यांनी या निवडींचा हिशेब मांडला. एकाच जागेवर खेळणाऱ्यांपैकी आधी निवडलेला त्याच्या लगेच नंतरच्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता निघाली अवघी ५२ टक्के. नाणे उडवले तरी ५० होतात!

चूक संघाला परवडते, पुढच्या एप्रिलला नवी निवड असते. त्या मुलाचे काय? २०११पासून नवख्यांचे मानधन निवडीच्या क्रमांकावर जवळजवळ बांधूनच दिले आहे. पहिल्या फेरीतून पाचवीत घसरलेल्याचे काही कोटींचे नुकसान होते, तेही गुडघा कधी दगा देईल याचा नेम नसलेल्या खेळात. दहावीच्या टक्क्यांवर मुलांची वाटणी करणाऱ्या आपल्याला यात फारसे परके वाटू नये.

माझ्या मते संघांनी उंची, वजन आणि वैद्यकीय तपासणी ठेवावी. शर्यत हवी तर टीव्हीवाल्यांसाठी ठेवावी. पारख्यांनी तेवढे दिवस महाविद्यालयीन सामन्यांच्या चित्रफिती पुन्हा पाहाव्यात, त्यातही मुलगा फसला ते क्षण अधिक. झॅक थॉमस बुटका म्हणून १९९६मध्ये मागे राहिला आणि १५४व्या क्रमांकावर मायामीकडे गेला. २०२३मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. २०११मध्ये रिचर्ड शर्मनला सिअॅटलने घेतले, तेही १५४व्याच क्रमांकावर. तीन वर्षांत तो सुपर बोल विजेत्या संघाच्या बचावाचा आधार झाला होता. दोघांचेही महाविद्यालयातले सामने सर्वच संघांना पाहायला मिळाले होते.