अठ्ठेचाळीस तासांचं श्रुतलेखन

आमच्या नातेवाइकांत सध्या एक प्रश्न फार चघळला जातो. साखरपुड्यात, वास्तुशांतीत, अगदी दहाव्याच्या कार्यक्रमाला जमलेल्या मंडळींतसुद्धा. नाशिकला राहणाऱ्या माझ्या भाच्याबद्दलचा प्रश्न आहे हा. "चांगली नोकरी आहे, दोन पोरं आहेत, आणि हा सुट्टीचे दोन दिवस कानाला हेडफोन लावून अनोळखी लोकांना आकडे सांगत बसतो. मिळतं काय त्यातून?" यंदा तर घरच्यांनी सेट विकून टाक म्हणून धोशाच लावला आहे.

हे विचारणाऱ्यांपैकी बरेच जण माझा ब्लॉग वाचतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून तोंडी वाद घालण्यापेक्षा इथेच लिहिते. मी भाच्याच्या बाजूने आहे. का, ते सांगते.

आधी ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी. हौशी रेडिओ, म्हणजे सगळे ज्याला हॅम रेडिओ म्हणतात, तो गाणी-बातम्या ऐकायचा रेडिओ नव्हे. यावर बोलताही येतं. त्यासाठी केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाची परीक्षा द्यावी लागते. पास झालं की परवाना मिळतो आणि एक कॉलसाईन मिळते. आपल्याकडच्या कॉलसाईनची सुरुवात बहुतेक वेळा 'व्हीयू' अशी असते. त्यावर धंदा करायचा नाही, ही मोठी अट. भाच्याचा सेट शंभर वॅटचा आहे आणि गच्चीवर एक तार ताणलेली आहे. पूर्वी आपल्या ओसरीवर पिवळा बल्ब लागायचा ना, तोही शंभर वॅटचाच असे. तेवढ्या शक्तीवर त्याचा आवाज नाशिकहून ब्राझीलला पोचतो. मध्ये टॉवर नाही, केबल नाही, इंटरनेट नाही. वातावरणाच्या वरच्या थरात, आयनांबरात, या लहरी वळतात आणि पुन्हा जमिनीकडे येतात. दिवसा एका लांबीच्या लहरी चालतात, सूर्य मावळला की दुसऱ्या. त्यामुळे या मंडळींना सूर्यावरचे डागसुद्धा पाहावे लागतात. डाग वाढले की दहा मीटरच्या लहरी दूरवर जातात, आणि हे चक्र साधारण अकरा वर्षांचं असतं.

आता स्पर्धा. अशा स्पर्धा वर्षभर चालतात, पण मोठ्यांतली मोठी म्हणजे 'सीक्यू वर्ल्ड वाइड'. ती १९४८ पासून चालू आहे. ऑक्टोबरचा शेवटचा पूर्ण शनिवार-रविवार बोलण्याचा, आणि नोव्हेंबरचा तसाच शनिवार-रविवार मोर्सच्या कडकट्टचा. आपल्या घड्याळात शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते ती सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. त्या अठ्ठेचाळीस तासांत जगातल्या जास्तीत जास्त लोकांशी, जास्तीत जास्त देशांशी आणि विभागांशी संपर्क साधायचा. जगाचे चाळीस विभाग पाडले आहेत, आपण बाविसाव्या विभागात येतो. प्रत्येक संपर्कात आपली कॉलसाईन सांगायची, समोरच्याची नीट घ्यायची, आवाज कसा येतोय त्याचा आकडा आणि विभागाचा आकडा द्यायचा-घ्यायचा, की झालं. पाच-दहा सेकंदांचं काम. तरबेज माणूस तासाला शंभराच्या वर संपर्क करतो.

दुसऱ्या खंडातल्या माणसाशी संपर्क झाला तर तीन गुण. आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाशी झाला तर एक. आणि आपल्याच देशातल्या माणसाशी झाला तर शून्य! (देशांच्या मोजणीत मात्र तो धरला जातो, म्हणजे घरचा माणूस अगदीच वाया जात नाही.) शेवटी गुणांना देश आणि विभागांच्या संख्येने गुणायचं. बक्षीस काय? प्रमाणपत्र, आणि फारच वरचा नंबर आला तर भिंतीवर लावायची एक पाटी. पैसा एकही नाही.

मी आयुष्यभर वर्गात श्रुतलेखन घातलं आहे. त्यामुळे भाच्याच्या शेजारी बसून हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, अरे, हे तर अठ्ठेचाळीस तासांचं श्रुतलेखन! फरक एवढाच की इथे बाई एक नसतात, एकाच वेळी वीस जण बोलत असतात, तेही आपापल्या देशाच्या उच्चारात, खरखरीतून, आवाज वर-खाली होत असताना. आमच्या नामपूरच्या कांदा मार्केटला लिलाव ऐकला असेल त्याला कल्पना येईल. चहूकडून बोली येत असते आणि पुकारणाऱ्याला त्या गलक्यातून नेमका एक आवाज उचलायचा असतो. इथेही तसंच. सगळ्यांचा गोंधळ होऊ दिला तर एकही नाव हाती लागत नाही. एकाचीच दोन अक्षरं पकडायची, तेवढीच मोठ्याने म्हणायची, बाकीचे समजून गप्प बसतात आणि तो पुढे येतो. शिस्त आवाजाने लागत नाही, नीट ऐकण्याने लागते, हे मी वर्गात पाहिलं होतं. तेच इथे दिसलं.

मोर्सचं तर विचारूच नका. आपली सरकारी तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. हौशी परवान्यासाठी मोर्स यायलाच हवं ही जागतिक अट २००३ मध्येच सैल झाली होती. तरी ही माणसं ती भाषा हौसेने जपून आहेत. सुरुवातीला 'डिट' आणि 'डा' मोजावे लागतात, मग अक्षर ऐकू येतं, आणि सरावाने अख्खा शब्द एकदम कानात पडतो. पहिलीतलं पोर अक्षराला अक्षर जोडत वाचतं आणि एक दिवस धडाधड वाचायला लागतं, तसंच.

पण माझं मत बनलं ते दोन वेगळ्या गोष्टींमुळे.

पहिली गोष्ट अशी. आपल्या ओळखीच्या बहुतेक स्पर्धांत एकाचं मिळालं की दुसऱ्याचं जातं. जत्रेतल्या कुस्तीत एकाची पाठ लागल्याशिवाय दुसऱ्याला मानाचा फेटा मिळत नाही. स्कॉलरशिपच्या यादीत एक वर गेला की एक खाली. या स्पर्धेत मात्र ज्याच्याशी तुमची चढाओढ आहे तोच तुम्हाला गुण देतो आणि तुम्ही त्याला. तुमच्या वहीत त्याचं नाव बरोबर हवं आणि त्याच्या वहीत तुमचं. स्पर्धा संपल्यावर सगळ्यांच्या नोंदी संगणकावर एकमेकींशी ताडून पाहतात. तुम्ही एक अक्षर चुकीचं ऐकलं असेल तर तो संपर्क जातो, वर दंड बसतो. म्हणजे समोरच्याला आपलं नाव नीट कळावं याची काळजी तुम्ही घ्यायची आणि त्याचं नीट घ्यायची धडपडही तुम्हीच करायची. प्रतिस्पर्धी दुबळा असावा असं इथे कुणाला वाटत नाही. तो जितका चांगला ऐकेल तितकं तुमचंही भलं.

दुसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. शंभर वॅटच्या गटात नाव दिलं आणि सेट जरा जास्त रेटला, तर घरात बसून कोण पाहणार? पहिल्या काही क्रमांकांच्या स्पर्धकांकडून ध्वनिमुद्रण मागवतात, कधी कुणाला बादही करतात, पण खाली शेकड्यांनी लोक असतात त्यांच्या घरी पर्यवेक्षक नसतो. तरी बहुतेक जण नियमाने खेळतात. ज्या राज्यात दहावी-बारावीला कॉपी रोखायला दरवर्षी भरारी पथकं फिरवावी लागतात, त्या राज्यातल्या शिक्षिकेला याचं किती अप्रूप वाटत असेल ते तुम्हीच ठरवा.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल आत्या भाच्याचीच री ओढते.

हॅम मंडळींतच या स्पर्धांवर नाराज लोक पुष्कळ आहेत. ते म्हणतात, शनिवार-रविवारी आम्ही निवांत गप्पा मारायला यावं तर ही गर्दी जागाच ठेवत नाही. तक्रार खोटी नाही. म्हणून तीस, सतरा आणि बारा मीटरच्या पट्ट्यांवर स्पर्धा घेत नाहीत, तिथे शांतता मिळते. दुसरी तक्रार मला जास्त पटते. आवाज कसा येतोय याचा जो आकडा द्यायचा, तो सगळे सगळ्यांना 'एकोणसाठ'च देतात. पाच म्हणजे स्वच्छ समजतंय आणि नऊ म्हणजे दणदणीत. आणि लगेच पुढे म्हणतात, "तुमची कॉलसाईन परत सांगा, ऐकू आली नाही!" सगळ्या वर्गाला पैकीच्या पैकी देऊन मग 'तुझा पेपर कुठे आहे रे' विचारण्यातला हा प्रकार. वेळ वाचतो हे खरं, पण मला तो आवडत नाही. भाच्याला तसं सांगितलं तर तो नुसता हसतो.

आणि घरच्यांचं म्हणणंही अगदीच चूक नाही. २०१९ साली लक्ष्मीपूजन आलं २७ ऑक्टोबरला, रविवारी, म्हणजे ऐन स्पर्धेत. इकडे पूजेची तयारी, तिकडे साहेब हेडफोन लावून बसलेले. त्यात शेजारच्या दिव्यांच्या माळांनी रेडिओत खरखर, म्हणून आणखी चिडलेले. त्या दिवशी सूनबाईंनी जे ऐकवलं ते योग्यच होतं. सण आणि माणसं आधी, हे मी त्यालाही सांगितलं आहे. पण चार वेळा उठून यायला सांगणं वेगळं आणि सेट विकून टाक म्हणणं वेगळं.

छंदाची बाजू घेताना लोक हमखास त्याचा उपयोग सांगतात. तसा उपयोग आहेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा मदतकार्यात हॅम मंडळी गेली होती. २००४ च्या डिसेंबरची गोष्ट तर जगभर गाजली. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओ या संस्थेच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी परवानगी काढून अंदमानला गेले होते. हॅमच्या यादीत अंदमान-निकोबार स्वतंत्र 'देश' धरतात आणि तिथून कुणी बोलणं दुर्मीळ, म्हणून जगभरचे हौशी त्यांना हाका मारत होते. ती स्पर्धा नव्हती, पण गर्दी तीच आणि लागणारा कानही तोच. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. फोन बंद पडले. तेव्हा पोर्ट ब्लेअरचा तोच हौसेचा रेडिओ निरोप्याचं काम करू लागला. कोण सुखरूप आहे, कुठे काय हवं आहे, हे त्यावरून मुख्य भूमीला कळू लागलं. दोन दिवस आधी ज्या कानांनी गंमत म्हणून नावं टिपली होती, त्यांनीच आता हरवलेल्या माणसांची नावं टिपली. नावातलं एक अक्षर चुकलं तर काय होतं, हे त्या दिवशी फार वेगळ्या अर्थाने कळलं असणार.

पण खरं सांगू? भाच्याची बाजू मला या उपयोगावर उभी करायची नाही. आपत्ती उद्या येईल म्हणून तो रेडिओ लावत नाही. त्याला मजा येते म्हणून लावतो. पहाटे चार वाजता एखाद्या बेटावरून क्षीण आवाजात स्वतःची कॉलसाईन परत ऐकू आली की त्याचा चेहरा पाहा. तो कान आपत्तीत कामी आला, कारण आधी वर्षानुवर्षं कुणीतरी तो निव्वळ आनंदासाठी तयार केला होता. आधी उपयोग मागितला असता तर तो तयारच झाला नसता.

आपल्या गावांत अखंड हरिनाम सप्ताह बसतो. वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून रात्री दोन ते चारचा पहारा कुणीतरी घेतंच. त्याला कुणी विचारतं का, की बाबा, मिळालं काय? मोठ्या रेडिओ केंद्रांवरही आठ-दहा जण असेच पाळ्या लावून दोन रात्री जागतात. देवाचं नाव आणि रेडिओ यांची बरोबरी मी करत नाही. एखाद्या कामात बुडून जाणं माणसाची गरज आहे, एवढंच म्हणते.

शाळेत असताना पोरांना आपण विचारायचो, "तुझा छंद कोणता?" आणि त्यावर निबंधही लिहून घ्यायचो. तोच पोरगा चाळिशीत छंद घेऊन बसला की आपण म्हणतो, यातून मिळतं काय! मग निबंध कशाला लिहून घेतले?

तेव्हा नातेवाइकांनो, सेट विकायचा विषय आता बंद करा. त्याऐवजी येत्या ऑक्टोबरात एखादा तास त्याच्या शेजारी बसा. कागद-पेन्सिल घ्या आणि ऐकू येतील ती नावं लिहून पाहा. दहातली चार बरोबर आली तरी माझ्याकडून शाबासकी. आणि त्याच्या धाकट्याला बसू द्या. ही परीक्षा शाळकरी मुलांनाही देता येते, आणि श्रुतलेखन कुणाकडून पक्कं करून घ्यायचं तो प्रश्नच नाही.

ब्लॉगवाल्या मित्रमंडळींपैकी कुणाच्या घरात असा 'बिनकामाचा' छंद असेल तर जरूर कळवा. वाचायला आवडेल.