मोजणी बाईची, निर्णय साहेबांचा

वाशिम जिल्ह्याच्या विकासाचे मोजमाप दिल्लीने ठरविलेल्या आकड्यांनी होऊ लागले, त्याला आता काही वर्षे लोटली. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या ‘आकांक्षित जिल्ह्यां’च्या यादीत गेला. गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हे त्याचे महाराष्ट्रातील सोबती. मागासलेपणाला ‘आकांक्षा’ म्हणण्याची चतुराई राज्यकर्त्यांना साधली, हे मान्यच करावे लागेल. ४९ निर्देशक ठरले, आरोग्य व पोषणाला शंभरांपैकी ३० गुण मिळाले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत चढाओढ लावण्यात आली. गरोदरपणातील तपासण्या किती, दवाखान्यातील बाळंतपणे किती, कमी वजनाची बालके किती, याची गणती सुरू झाली. ही गणती निरर्थक नव्हे. परंतु ती बाईला केवळ गर्भवती म्हणून ओळखते. गर्भ राहण्यापूर्वी आणि बाळंतपण आटोपल्यानंतर तिचे शरीर जणू या हिशेबात अस्तित्वातच नसते.

अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटातील कायमची कळ, अंग बाहेर येणे, नको असलेला गर्भ, कॉपर टी बसविल्यानंतरचा रक्तस्राव ही दुखणी मानोऱ्याच्या तांड्यावरील किंवा रिसोडच्या शिवारातील मजूर बाई शेजारणीला दबक्या आवाजात सांगते. त्या निर्देशकांत यांपैकी एकालाही स्वतंत्र जागा नाही. जे विचारले जात नाही ते नोंदले जात नाही. जे नोंदले जात नाही त्यासाठी डॉक्टर नेमला जात नाही, औषध येत नाही, अंदाजपत्रकात तरतूद होत नाही. हे चक्र आपोआप फिरत नाही. प्रश्न कोणी विचारायचा, हाच मुळी सत्तेचा प्रश्न आहे.

प्रश्न बदलला की काय उजेडात येते, याचा पुरावा विदर्भातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग वा लैंगिक आजार होता. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ आजार होते. आणि पूर्वी कधी स्त्रीरोगासाठी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. या स्त्रिया त्यापूर्वी गप्प होत्या असे नव्हे. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. सरकार त्यांच्या दारी येई ते शस्त्रक्रियेसाठी ‘केस’ मिळविण्यास.

या ‘केसेस’चा इतिहास कार्यकर्त्यांनी विसरू नये. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांत बहुसंख्य पुरुष होते. १९७७ मध्ये मतपेटीतून त्याचे उत्तर मिळाले. त्यानंतर तीच सुरी मुकाट्याने स्त्रियांकडे वळली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील विवाहित जोडप्यांत स्त्रीनसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुषनसबंदीचे ०.३ टक्के आहे. १९९६ मध्ये केंद्राने लक्ष्यपद्धती रद्द केल्याचे जाहीर केले होते. तरी नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडातील बिलासपूरजवळच्या एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या आणि पुढील काही दिवसांत त्यांच्यापैकी १३ जणी दगावल्या. शिबिरे तीन वर्षांत बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये बजावावे लागले. आकडा हाच धर्म झाला की माणसे अशी मरतात.

बीडची कथा निराळी नाही. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये सर्रास काढली जातात, ही ओरड झाली तेव्हा २०१९ मध्ये पाहणी झाली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. एवढ्या शस्त्रक्रिया होईपर्यंत आरोग्य खात्याच्या नोंदवह्या काय करीत होत्या? त्या भरल्या जात होत्या. त्यांत हा प्रश्न नव्हता.

यावर पंडितांचे उत्तर ठरलेले असते : खेड्यातील अशिक्षित बाई संशोधन काय करणार? रोगनिदानाला डॉक्टर आणि प्रयोगशाळा लागते, हे कोणीही नाकारीत नाही. परंतु आरोग्य केंद्रातील तपासणीच्या टेबलासमोर पडदा आहे की नाही, तेथे स्त्री डॉक्टर भेटते की नाही, गर्भपातासाठी गेलेल्या बाईला अपमान सोसावा लागतो की नाही, हे ठरविण्यास कोणती पदवी लागते? सकाळी बाह्यरुग्ण विभाग उघडतो तेव्हा ती सोयाबीनच्या सोंगणीवर असते आणि दवाखाना गाठायचा तर दिवसाची मजुरी बुडते. हे ज्ञान तिच्यापाशी आहे, तज्ज्ञापाशी नाही. १९७१ च्या गर्भपात कायद्याची मर्यादा २०२१ मध्ये ठराविक गटांतील स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत वाढली. पण कायद्याचे कलम तांड्यापर्यंत चालत जात नाही.

‘लोकसहभाग’ हा शब्द आता सरकारलाही गोड लागतो. त्यापासून सावध राहिले पाहिजे. चटईवर बायका बसवायच्या, छायाचित्र काढायचे, अंगठे घ्यायचे आणि अहवाल मुंबईला पाठवायचा, हा सहभाग नव्हे. ही वेठ आहे. आशा कार्यकर्तीला घरोघर पिटाळून माहिती गोळा करवायची आणि तिचा अर्थ लावताना तिला दाराबाहेर ठेवायचे, हीही वेठच. खऱ्या सहभागाची वाट महाराष्ट्राने थोडीफार चाललेली आहे. २००७ मध्ये वाशिमच्या शेजारच्या अमरावतीसह पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी सेवांना गुण दिले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना लोकांसमोर उभे राहून उत्तरे द्यावी लागली. तक्रार अर्जाच्या रूपाने आली की ती दप्तरात जाते; शंभर बायकांच्या तोंडून आली की ती सहजासहजी गाडता येत नाही.

म्हणून वाशिममध्ये मागणी नेमकी असावी. प्रश्नावली स्त्रियांच्या बैठकांत, त्यांच्या शब्दांत तयार व्हावी. निष्कर्ष प्रथम महिलांच्या ग्रामसभेत वाचले जावेत आणि मगच जिल्हा परिषदेकडे जावेत. गावाची आकडेवारी जाहीर व्हावी, पण एकाही बाईचे नाव फुटू नये. आजार आढळलेल्या प्रत्येकीला उपचार मिळावेत. उपचाराविना पाहणी ही निव्वळ लूट होय. आणि आरोग्य केंद्राच्या खर्चावर या सभेचा अधिकार चालावा.

संततिनियमनाचा प्रचार केल्याबद्दल र. धों. कर्वे यांची नोकरी गेली, त्यांच्यावर खटले झाले. पुरोगामी म्हणविणाऱ्या महाराष्ट्राने त्यांना एकटे पाडले. आजही मजुरीच्या मोर्चाला हजारो बायका लागतात. त्यांच्या ओटीपोटातील कळ मात्र ‘खाजगी बाब’ ठरते. मजुरी ज्या शरीराने मिळते ते शरीर खाजगी कसे? हा प्रश्न साहेबांना विचारण्यापूर्वी चळवळीने स्वतःच्या बैठकीत विचारावा, आणि उत्तर देण्यासाठी प्रथम बायकांना उभे राहू द्यावे.