आज्ञार्थाला एवढा उशीर कशाला?

स्पॅनिशच्या अनेक वर्गांत आज्ञार्थ फार उशिरा येतो. वर्तमानकाळ होतो, भूतकाळाचे दोन प्रकार होतात, मग कधीतरी आज्ञार्थाचा तक्ता फळ्यावर उतरतो. कारण उघड आहे. नकारार्थी आज्ञेसाठी क्रियापदाची वेगळी रूपे लागतात आणि ती खरोखरच अवघड आहेत. पण त्यांच्यापायी होकारार्थी आज्ञेलाही अडवून ठेवणे हा विद्यार्थ्यांवर अन्याय आहे.

नियमित क्रियापदाला 'तू'ची आज्ञा करायला नवे काहीच शिकावे लागत नाही. 'आब्लास' म्हणजे तू बोलतोस. शेवटचा 'स' काढला की 'आब्ला', बोल. तसेच 'कोमे', खा, 'एस्क्रिबे', लिही. समोर आदराची व्यक्ती असेल तर शेवटचा स्वर तेवढा पालटतो: आब्ले, कोमा, एस्क्रिबा. माणसे अनेक असली की त्याला 'न' जोडायचा. 'बोल' आणि 'बोला' यांतला फरक लहानपणापासून पाळणाऱ्या मराठी माणसाला हे जड जाऊ नये.

आणि ही रूपे स्पेनच्या रस्त्यावर पावलोपावली भेटतात. सिग्नलच्या खांबावरची पेटी पादचाऱ्याला 'पुल्से' सांगते, म्हणजे बटण दाबा; मग 'एस्पेरे', थांबा. दुकानाच्या दारावर 'एम्पुखे' किंवा 'तिरे', ढकला किंवा ओढा. सगळी आदरार्थी, सगळी नियमित. घरात मात्र 'तू' चालते. दारात उभ्या पाहुण्याला यजमान 'पासा, पासा' म्हणत आत घेतो, हातात काही देताना 'तोमा' म्हणतो, बोलायला सुरुवात करताना 'मिरा'. यांत हुकूम कुठेच नाही, आपुलकी आहे. हे शब्द हाती नसलेला विद्यार्थी साध्या 'या, बसा'साठीही लांबलचक विनंत्या रचत बसतो आणि परका वाटतो.

स्पेनमध्ये जवळच्या अनेकांना उद्देशून 'पासाद' म्हणतात. मूळ धातुरूप 'पासार', त्याच्या शेवटच्या 'र'च्या जागी 'द', एवढेच. लॅटिन अमेरिकेत हे रूप व्यवहारात नाही. तिथे मित्रांनाही 'पासेन'. ब्वेनोस आयरेसमध्ये एकट्या मित्राला 'पासा'च म्हणतात, पण आघात शेवटच्या 'सा'वर देऊन. 'एस्क्रिबे'चे तिथे 'एस्क्रिबी' होते. शिक्षकांनी हेही त्याच तासाला सांगून टाकावे, आणि तो तास पहिल्या महिन्यातच घ्यावा.